तरुण मुलं, मोबाईल आणि संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र किंवा पत्रकारितेत प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, प्रकल्प करून घेणारे शिक्षक आणि गावात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं महाराष्ट्रातली परिस्थिती समोर ठेवून दिली आहेत, कारण परदेशी अभ्यासांची पद्धत जशीच्या तशी उचलली की इथे ती पहिल्याच आठवड्यात अडखळते. तिथे मुलाचा फोन मुलाचाच असतो असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे तो बऱ्याचदा वडिलांचा किंवा भावाचा असतो, कधी सगळ्या घराचा मिळून एकच असतो.

‘सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम’ हा विषय घेतला तर चालेल का?

या शब्दांत नको. ‘सोशल मीडिया’, ‘तरुण’ आणि ‘परिणाम’ हे तिन्ही शब्द इतके ढगळ आहेत की शेवटी ‘काही चांगले, काही वाईट’ एवढंच हाती लागतं. विषय आवळताना पाच गोष्टी ठरवा: कुणाचा वापर, कुणाच्या फोनवर, कोणतं ॲप आणि त्यात काय करताना, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि नेमका कोणता बदल मोजायचा.

उदाहरणार्थ, ‘तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहणाऱ्या अकरावीच्या मुलींची झोप आणि रात्री दहानंतरचं रील पाहणं’ हा विषय सहा महिन्यांत पुरा होतो. ‘भावाचा फोन वापरणाऱ्या मुली कोणते शोध इतिहासातून पुसून टाकतात आणि का’ हा तर फारसा कुणी हात न लावलेला विषय आहे. मुलाखती नीट घेतल्या तर त्यातून घरातल्या सत्तेचं चित्र उभं राहतं.

धोक्यांवर काम करायचं असेल तर युरोपातल्या संशोधकांची चार भागांची विभागणी उपयोगी पडते: समोर येणारा मजकूर, अनोळखी माणसाशी येणारा संपर्क, समवयस्कांचं एकमेकांशी वागणं, आणि कंपनीने केलेला व्यवहार (जाहिराती, ॲपमधली खरेदी, माहिती गोळा करणं). चारपैकी एकच निवडा.

आधीची खात्रीची आकडेवारी कुठे मिळेल?

ग्रामीण भागासाठी ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा असर हा शिक्षणस्थितीचा अहवाल आधी उघडा. असर २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींना भेटले होते. महाराष्ट्रातून त्यात नांदेड जिल्हा होता. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. पण वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे होते ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. घरात फोन असणं आणि तो आपला असणं यातला हा फरक संशोधनाच्या पहिल्या पानावर असायला हवा. असर २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना असेच प्रश्न विचारले, तेव्हा हे आकडे ३६.२ आणि २६.९ टक्के आले. दोन्ही वर्षांतले वयोगट आणि क्षेत्र वेगळे आहेत. त्यामुळे ‘वर्षभरात दरी घटली’ असं यावरून लिहू नका. ही चूक प्रबंधांत नेहमी दिसते.

दुसरा स्रोत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशभरात १५ ते ४९ वयोगटातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण स्त्रियांमध्ये ३८ आणि पुरुषांमध्ये ६१.५ टक्के होतं. गोव्यात ७३.७ आणि ८२.९ टक्के. शेजारच्या दोन राज्यांत एवढं अंतर का, या एका प्रश्नावर स्वतंत्र प्रबंध होईल.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा घरोघरचा मूळ डेटा सांख्यिकी मंत्रालय संशोधकांना विनामूल्य देतं. मराठी आणि इंग्रजी प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात पाहा. तुमचाच विषय आधी झालेला निघाला तर घाबरू नका. त्याच गावांत, तेच प्रश्न घेऊन पाच वर्षांनी पुन्हा जाणं हे उत्तम संशोधन आहे.

वेगवेगळ्या सर्वेक्षणांचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत?

प्रश्न वेगळे असतात म्हणून. ‘कधी तरी वापरलं आहे का’, ‘गेल्या तीन महिन्यांत वापरलं का’ आणि ‘गेल्या आठवड्यात वापरलं का’ यांची उत्तरं वेगळीच येणार. शिवाय माहिती कुणी दिली ते बघा. पुष्कळ सर्वेक्षणांत घरातला एकच मोठा माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तरं देतो, आणि सून किंवा मुलगी फोनवर काय करते याची त्याला कल्पना नसते.

आणखी एक जुना सापळा आहे. इंडोनेशियात सर्वेक्षण करणाऱ्यांना असे लोक सापडले होते की जे फेसबुक वापरत होते, पण ‘इंटरनेट वापरता का’ याला ‘नाही’ म्हणत होते. आपल्याकडेही यूट्यूबवर रोज कीर्तन ऐकणारी आजी ‘मला नाही बाई नेट येत’ असंच सांगेल. म्हणून ‘इंटरनेट’ हा शब्द प्रश्नातून काढा. ‘गेल्या सात दिवसांत यूट्यूब पाहिलं? व्हॉट्सॲपवर फोटो आला किंवा पाठवला? फोनवरून पैसे दिले?’ असं एकेक विचारा आणि बेरीज तुम्ही करा.

मोबाईलमुळे मुलांना नैराश्य येतं हे सिद्ध झालं आहे ना?

इतक्या सरळ वाक्यात नाही. दोन्ही बाजूंचे भक्कम अभ्यास आहेत आणि दोन्ही वाचायला हवेत.

एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये ३,५५,३५८ किशोरवयीनांच्या माहितीची छाननी केली. मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरक तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. त्याच माहितीत चष्मा लावण्याचा संबंध याहून मोठा निघाला. उलट, अमेरिकेत २००४ पासून फेसबुक एकेका महाविद्यालयात टप्प्याटप्प्याने पोहोचलं, त्या क्रमाचा उपयोग करून केलेल्या २०२२ च्या अभ्यासात फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचं मनःस्वास्थ्य बिघडल्याचं दिसलं. तिसरा अभ्यास २०१८ च्या अमेरिकी निवडणुकीआधीचा. काही लोकांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. त्यांना दिवसाला सुमारे एक तास मोकळा मिळाला, मनःस्थिती थोडी सुधारली, आणि चालू घडामोडींची माहिती कमी झाली.

हे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पहिला अभ्यास सगळ्या मुलांची आणि सगळ्या वापराची सरासरी सांगतो. सरासरीत एखाद्या मुलीचा झालेला छळ आणि दुसरीला घरबसल्या मिळालेली मैत्रीण एकमेकींना पुसून टाकतात. दुसरा एका ठरावीक व्यासपीठाच्या येण्याबद्दल आहे. आणि तिन्ही श्रीमंत देशांतले, जिथे प्रत्येकाचं यंत्र स्वतःचं आहे. नांदेडच्या एखाद्या वाडीत दोन तास सामायिक फोन मिळणाऱ्या मुलीबद्दल यातला एकही थेट बोलत नाही. ते काम आपल्याला करायचं आहे.

एका पाहणीत ‘जास्त फोन, जास्त उदासी’ असं दिसलं तर तीन शक्यता लिहून ठेवा: फोनमुळे उदासी, उदासीमुळे फोन, किंवा घरातलं भांडण, दुष्काळ, परीक्षा अशा तिसऱ्याच गोष्टीमुळे दोन्ही. एकदाच केलेल्या पाहणीतून यातली खरी कोणती ते ठरत नाही. त्यामुळे निष्कर्षात ‘मुळे’ लिहू नका, ‘सोबत आढळले’ लिहा.

‘मोबाईलचं व्यसन’ मोजायला कोणती मोजपट्टी वापरावी?

आधी नावाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (१ जानेवारी २०२२ पासून लागू) गेमिंगचा विकार आहे. ‘मोबाईलचं व्यसन’ नावाचं स्वतंत्र निदान त्यात नाही. त्यामुळे दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेऊन ‘४० टक्के विद्यार्थी व्यसनी’ असं छापणं चूक आहे, आणि त्या मुलांवर अन्यायही.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी स्मार्टफोन व्यसन मोजपट्टीची छोटी आवृत्ती २०१३ मध्ये कोरियात तयार झाली. १० विधानं, प्रत्येकाला १ ते ६ गुण, मुलग्यांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ ही धोक्याची रेषा. ही रेषा कोरियन किशोरांवरून आखलेली आहे. मोजपट्टी वापरा, पण रेषेने मुलांचे दोन कळप पाडू नका. सरासरी आणि गुणांचा पसारा द्या. ज्यांच्या हाती फोन दिवसातून तासभरच येतो त्यांच्यासाठी ‘फोनशिवाय राहवत नाही’ या विधानाचा अर्थ काय होतो, हे चाचणीच्या वेळी विचारून घ्या.

नैराश्य तपासणारी पीएचक्यू ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार असाल तर नवव्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. उत्तर ‘नाही’ सोडून दुसरं काही आलं तर त्याच दिवशी कोण बोलणार आणि कुणाकडे पाठवणार, हे ठरलेलं नसेल तर ही प्रश्नावली हातात घेऊ नका. निनावी ऑनलाइन फॉर्ममध्ये तर नकोच, कारण मदत कुणाला हवी आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मुलाखतकाराजवळ लिहिलेला हवा.

स्क्रीन टाइम विचारून घ्यावा की फोनमधून बघावा?

नुसतं विचारून घेतलेलं फारसं खरं नसतं. २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्रात नोंदलेला वापर यांचा सहसंबंध जेमतेम ०.३८ निघाला (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच मेळ नाही).

फोनमधला आकडा घ्यायचा तर अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनवर स्क्रीन टाइम उघडायला सांगा. मागे फार दिवसांचा तपशील राहत नाही, म्हणून सात दिवसांनी पुन्हा भेटून नोंद घ्या. स्क्रीनशॉट मागू नका. त्यात डेटिंगची, कर्जाची, आजाराची ॲपं दिसतात. मुलाने वाचून दाखवावं, तुम्ही पाच ठरलेल्या ॲपांचे आकडे लिहावेत.

पण फोन सामायिक असेल तर यंत्रातला आकडाही निरुपयोगी. त्यात बापाच्या बातम्या, आईची मालिका आणि धाकट्याचे कार्टून सगळं एकत्र झालेलं असतं. अशा घरांसाठी कालच्या दिवसाची उजळणी हा मार्ग आहे. सकाळी उठल्यापासून अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखलेला कागद घ्या आणि विचारा: ‘शाळेतून आलीस तेव्हा फोन कुणाकडे होता? मग तुझ्या हातात कधी आला? शेजारी कोण बसलं होतं? कशासाठी परत दिलास?’ याला पंधरा मिनिटं लागतात. मिनिटांच्या हिशेबात थोडी चूक राहते, पण फोन घरात कसा फिरतो ते कळतं. एक शाळेचा दिवस आणि एक रविवार असे दोन दिवस घ्या.

कौशल्य मोजायचं असेल तर ‘येतं का’ असं न विचारता करून दाखवायला सांगा. असरने मुलांना घरातून फोन आणायला सांगून गजर लावणं, माहिती शोधणं, यूट्यूबवर व्हिडिओ शोधून पाठवणं अशी कामं दिली होती. कुणाला फोन आणता आला आणि कुणाला नाही, हीच एक महत्त्वाची नोंद ठरते.

प्रश्नावली मराठीत करताना काय बिघडतं?

पुस्तकी भाषेने घात होतो. एका विधानाचा प्रवास बघा. शब्दशः भाषांतर: ‘मी समाजमाध्यमांवर व्यतीत करीत असलेल्या वेळेबाबत मला अपराधीपणाची भावना जाणवते.’ नववीतली मुलगी हे वाचून मान हलवते आणि ‘सहमत’वर खूण करते. पहिली सुधारणा: ‘मोबाईलवर फार वेळ गेला की मला वाईट वाटतं.’ बरं आहे, पण ‘वाईट वाटतं’ म्हणजे दुःख, पश्चात्ताप की घरचे ओरडतील ही धास्ती, ते कळत नाही. दुसरी सुधारणा: ‘रील बघत बसल्यावर अभ्यास राहिला म्हणून स्वतःचाच राग येतो. गेल्या आठवड्यात असं किती वेळा झालं?’ आता उत्तरात काही अर्थ आहे.

‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ ही पाच पायऱ्यांची शिडी गावात चालत नाही. मुलं समोरच्या ताईला बरं वाटावं म्हणून सहमत होतात. ‘एकदाही नाही, एकदोनदा, बऱ्याचदा, रोज’ अशा चार पायऱ्या ठेवा आणि काही प्रश्न उलट्या अंगाने विचारा.

मराठीत केलेली प्रश्नावली दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मूळ भाषेत करून घ्या आणि ताडून पाहा. मग २५ ते ३० मुलांवर चाचणी घ्या. चाचणीत ‘या प्रश्नातून तुला काय समजलं, तुझ्या शब्दांत सांग’ हे विचारणं सगळ्यात महत्त्वाचं. खानदेशात आणि कोकणात ही चाचणी वेगवेगळी करावी लागते. अहिराणी किंवा मालवणी बोलणारी मुलं प्रमाण मराठीतल्या प्रश्नाला अवघडून एका शब्दात उत्तर देतात.

नमुना किती मोठा हवा? ३८४ पुरेत ना?

३८४ हा आकडा ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चुकीची मुभा धरून येतो, आणि तोही एकेक व्यक्ती सुटी सुटी चिठ्ठीने निवडली असेल तरच. तुम्ही गावं किंवा शाळा निवडून त्यातली मुलं घेणार. एकाच गावातली मुलं एकसारखी असतात, कारण टॉवर, शाळा आणि गावकीचे नियम तेच असतात. त्यामुळे नमुन्याचं बळ घटतं.

हिशेब असा. एका गावातून २० मुलं आणि गावातल्या गावात साम्य ०.०५ धरलं (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळी सारखी), तर १ + (२० − १) × ०.०५ = १.९५. म्हणजे २० गावांतून घेतलेली ४०० मुलं सुट्या निवडलेल्या सुमारे २०५ मुलांइतकीच माहिती देतात, आणि चुकीची मुभा ५ वरून ७ टक्क्यांवर जाते. तीच ४०० मुलं ४० गावांतून १०–१० घेतली तर ती २७६ सुट्या मुलांइतकी होतात. प्रवासखर्च वाढतो, पण शक्य असेल तर गावं वाढवा, एका गावातली मुलं कमी करा.

वापर आणि मनःस्थिती यांच्यातला संबंध शोधत असाल तर तो छोटाच असणार. ०.१ इतका सहसंबंध ८० टक्के शक्यतेने पकडायला सुमारे ७८३ माणसं लागतात. १२० विद्यार्थ्यांच्या पाहणीत ‘संबंध आढळला नाही’ असं आलं तर त्याचा अर्थ संबंध नाही असा होत नाही.

४० मिनिटांची मुलाखत असेल तर एक मुलाखतकार दिवसाला सहा ते आठ करतो. चार जण लावले आणि सुट्ट्या, प्रवास, पुन्हा भेटी धरल्या तर ४०० मुलाखतींना तीन आठवडे ठेवा. दहापैकी एका घरी दुसऱ्या माणसाने जाऊन तीनचार प्रश्न पुन्हा विचारून पडताळा घ्या.

गुगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपवर फिरवली तर?

ज्यांच्याकडे स्वतःचा फोन, डेटा आणि तुमच्या ओळखीचा गट आहे तेच भरतील. ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचं ती मुलं सुटतील. एका वर्गातल्या मुलांची नावनिशी हाताशी असेल आणि कुणी भरलं नाही ते कळत असेल तर ठीक. एरवी नाही.

मुलींशी मोकळेपणी बोलताच येत नाही. घरचे सगळे शेजारी बसतात. काय करावं?

हे अपेक्षित धरून आखणी करा. मुलाखतकार बाई असावी, आणि शक्यतो त्याच भागातली पण त्याच गावातली नको. जागा शाळेची रिकामी खोली, अंगणवाडी किंवा दार उघडं पण कानांपासून दूर असा ओटा. घरीच बसावं लागलं तर दुसरा सहकारी आईवडिलांची वेगळी छोटी प्रश्नावली त्याच वेळी घेतो. त्यांचंही मत लागतंच, आणि मुलीला वीस मिनिटं मिळतात.

नाजूक प्रश्न मोठ्याने विचारू नका. उत्तरांवर फक्त क, ख, ग असलेलं कार्ड तिच्या हातात द्या, तिने अक्षर सांगावं. कुणी अचानक आत आलं तर वळायला निरुपद्रवी प्रश्नांचं एक पान तयार असू द्या. ‘शाळेत कोणता विषय आवडतो’ इथपासून सुरू होणारं.

आणि नंतर तिच्या क्रमांकावर संदेश पाठवू नका. तो क्रमांक बहुतेक वेळा भावाचा असतो. ‘ऑनलाइन छळाबद्दलच्या मुलाखतीत सहभागी झाल्याबद्दल आभार’ ही एक ओळ त्याच्या पडद्यावर उमटली की तिचा फोन बंद होतो, कधी कधी कॉलेजही. आपल्या अभ्यासाने कुणाचं शिक्षण थांबता कामा नये. पुढची भेट तोंडी ठरवा किंवा शाळेतल्या बाईंमार्फत ‘वाचनाच्या आवडीबद्दल बोलायला’ अशा खऱ्या पण साध्या निमित्ताने ठरवा. त्यासाठी प्रश्नावलीत वाचनाचे दोन प्रश्न खरोखर ठेवा.

परवानग्या कोणाकोणाच्या लागतात?

१८ वर्षांखालील मुलांसाठी आईवडिलांची संमती आणि मुलाची स्वतःची अनुमती, दोन्ही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे लहान मुलांची तोंडी आणि १२ वर्षांपुढच्यांची लेखी अनुमती घ्यायची असते. आईवडील हो म्हणाले आणि मुलगा नको म्हणाला तर उत्तर नको. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे. आपल्या विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज पाहणीच्या किमान दोनतीन महिने आधी टाका.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. संशोधनासाठी सवलत आहे, पण त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाणार नसेल आणि ठरवून दिलेली मानकं पाळली असतील तरच. म्हणून ‘कोणती मुलं फोनच्या आहारी गेली आहेत त्यांची यादी द्या’ अशी शाळेने मागणी केली तर स्पष्ट नकार द्या. नावं आणि उत्तरं दोन वेगळ्या फायलींत, दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा.

मुलाखतीत छळाची गोष्ट निघाली तर गुप्तता पाळायची की सांगायचं?

बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यात, म्हणजे पॉक्सोत, कलम १९ नुसार असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. संशोधकाला त्यातून सूट नाही. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. म्हणून मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगा: ‘तू सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही. पण कुणी तुला इजा करतंय किंवा करणार आहे असं कळलं तर मला मदत मागावीच लागेल.’ हे आधी न सांगता नंतर पोलिसांकडे जाणं म्हणजे मुलीचा विश्वासघात.

चाइल्डलाइन १०९८, सायबर आर्थिक फसवणुकीसाठी १९३०, आणि जिल्ह्याच्या बाल संरक्षण अधिकाऱ्यांचा क्रमांक आधीच फिरवून पाहा.

व्हॉट्सॲपवरच्या अफवांवर काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

राईनपाड्यापासून. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षुकीसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा घालत असल्याचं जाहीर केलं.

पण दोष नुसता ॲपवर टाकला की विश्लेषण तिथेच थांबतं. शकुंतला बानाजी आणि राम भट या संशोधकांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत अभ्यास केला. लोकांना तंत्र कळत नाही म्हणून ते अफवा पसरवतात हे त्यांना पटलं नाही. विशिष्ट समाजांविषयी आधीपासून असलेला संशय आणि द्वेष हे त्यांना मोठं कारण दिसलं. भटक्या विमुक्तांना चोर समजणं व्हॉट्सॲपपेक्षा कितीतरी जुनं आहे. अफवेचा अभ्यास करताना ‘कुणाबद्दल’ हा रकाना ‘किती वेळा पुढे गेली’ या रकान्याइतकाच मोठा ठेवा.

माध्यम साक्षरतेचा उपयोग होतो का, यावर बिहारमधले दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचा. २०१९ मध्ये १,२२४ जणांना तासाभराचं प्रशिक्षण दिलं. अफवा ओळखण्यात सरासरी फरक पडला नाही. पुढे ५८३ गावांत १३,५०० हून अधिक शाळकरी मुलांना काही आठवड्यांत विभागून वर्गात शिकवलं. तेव्हा ठळक फरक पडला आणि तो चार महिन्यांनंतरही टिकला. कार्यशाळेचा एक तास आणि वर्गातली सलग शिकवणी यात किती अंतर आहे ते यावरून दिसतं.

गटात नाव न सांगता शिरून संदेश गोळा करू नका. गटाच्या प्रमुखाला विचारा, गटावर स्वतःची ओळख लिहा, आणि नको म्हणणाऱ्याचे संदेश वगळा. त्याऐवजी लोकांनी स्वतः दाखवलेले दहा फॉरवर्ड घेऊन ‘हा कुणाकडून आला, पुढे का पाठवलास’ असं बोलणं सोपं पडतं आणि जास्त हाती देतं.

कंपन्यांकडून माहिती मिळते का?

पूर्वीइतकी नाही. ट्विटरने (आताचं एक्स) २०२३ मध्ये संशोधकांना मिळणारा मोफत मार्ग बंद केला. फेसबुकच्या पानांवर लक्ष ठेवणारं क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. युरोपात कायद्याने संशोधकांना माहिती मागता येते, भारतात तसा हक्क नाही.

उरतो तो माहितीदानाचा मार्ग. वापरणारा माणूस स्वतःचा इतिहास कंपनीकडून उतरवून घेतो, नको ते काढून टाकतो आणि उरलेलं तुम्हाला देतो. यूट्यूबचा पाहण्याचा इतिहास गुगल टेकआउटमधून मिळतो. फाइल तुमच्या संगणकावर येण्याआधी त्याच्यासमोर बसून गाळणी करा.

आमच्या गावात संध्याकाळी भोंगा वाजवून मोबाईल बंद ठेवतात. परिणाम कसा तपासू?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवायचे असतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी ठरवली. हे उपक्रम गावांनी आपणहून केले, म्हणून त्यांचा मनापासून अभ्यास व्हायला हवा.

फक्त ‘आधी आणि नंतर’ मोजलं तर फसाल. भोंगा जूनमध्ये सुरू झाला आणि मोजणी फेब्रुवारीत केली तर वाढलेला अभ्यास परीक्षेचा असतो. म्हणून त्याच तालुक्यातली, तेवढ्याच वस्तीची, भोंगा नसलेली गावं बरोबरीला घ्या. समजा भोंग्याच्या गावात रोजचा अभ्यास ५० वरून ८० मिनिटं झाला आणि शेजारच्या गावात ५० वरून ७०. मग भोंग्याच्या वाट्याला ३० नव्हे, १० मिनिटं येतात. तेही एकेका गावावरून ठामपणे म्हणता येत नाही. दोन्हीकडे निदान आठदहा गावं हवीत.

नुसतं सातला मोजू नका, साडेआठनंतरही मोजा. बंद ठेवलेला वेळ रात्री भरून निघतो का ते पाहा. आणि मुलींना वेगळं विचारा. मुलग्यांचा फोन दीड तास बंद होतो, पण जिच्या वाट्याला दिवसात तेवढाच वेळ येत होता तिचं काय झालं, ही नोंद अहवालात हवीच. वर्गाच्या सूचना आणि गृहपाठ फोनवर येत असतील तर तेही विचारा.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. तिथले निष्कर्ष येतील तेव्हा ते कायद्याने, कंपन्यांवर टाकलेल्या बंधनाचे असतील. भोंगा गावकीच्या दबावावर चालतो. दोन्हींची तुलना करताना हा फरक सोडू नका.

मुलाखती किती घ्याव्यात? रेकॉर्डिंग करावं का?

एकसारख्या गटात २० ते २५ खोल मुलाखती झाल्या की नवं कमी यायला लागतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या समाजमाध्यमांवरच्या प्रकल्पात नऊ मानववंशशास्त्रज्ञ वेगवेगळ्या ठिकाणी प्रत्येकी १५ महिने राहिले होते, त्यात एक ठिकाण तमिळनाडूतलं होतं. तेवढं शक्य नसलं तरी एकाच मुलाला तीन वेळा भेटा. पहिल्या भेटीत मुलं सगळं ‘अभ्यासासाठी’ वापरत असतात. रेकॉर्डिंगला नकार आला तर वहीत टिपा आणि त्याच रात्री विस्तार करा. तासाभराचं बोलणं उतरवायला पाचसहा तास लागतात. बोलीतलं बोलीतच उतरवा.

डेटा उघडला की मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात.

फाइल बहुधा ठीक असते, एक्सेल ती चुकीच्या पद्धतीने वाचतं. सीएसव्हीवर दोनदा क्लिक न करता एक्सेलच्या डेटा विभागातून फाइल आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा. सगळं टंकन पहिल्यापासून युनिकोडमध्ये करा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधलं लिखाण नंतर शोधता किंवा क्रमवार लावता येत नाही. नेट नसलेल्या गावात कोबो टूलबॉक्स हे फोनवर प्रश्नावली भरायचं साधन चालतं. फॉर्म आधी उतरवून घ्या आणि रोज संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर पाठवा.

निष्कर्ष गावाला सांगायचे का?

सांगायचेच, आणि छापायच्या आधी. एका पानाचा मराठी मजकूर, चारपाच आकडे, मोठा टाइप. मुलांना वेगळं बसवून आधी त्यांना सांगा, कारण चुकीचा अर्थ काढला असेल तर तो तेच पकडतात. दहापेक्षा कमी मुलांचा कोणताही गट आकड्यात दाखवू नका. ‘नववीतल्या तीन मुली’ म्हटलं की अख्ख्या गावाला नावं कळतात. पालकांच्या बैठकीत पहिला प्रश्न ‘मग फोन काढून घ्यायचा का’ हाच येतो. तुमच्या मोजणीत जे आलं तेवढंच उत्तर द्या, आणि मुलींच्या हातून तो आधी काढला जातो का, याचा आकडाही त्याच बैठकीत मांडा.